संपलेल्या कामाचे दप्तर

प्रकल्प-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर हा साहित्याच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा असा विषय प्रथमदर्शनी वाटत नाही. कामांची यादी, कोणते काम कोणाकडे, ते कोणत्या तारखेपर्यंत व्हायचे, एवढाच त्याचा संसार. परंतु काम पुरे झाल्यावर हे सॉफ्टवेअर आपल्यापुढे जे दोन पर्याय ठेवते, त्यांत इतिहासलेखनाचा एक जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न दडलेला आहे. संपलेला प्रकल्प 'संग्रहित करा' किंवा 'हटवा', असे हे दोन पर्याय. यातला 'हटवा' हा शब्द मोठा बोलका आहे. आपण अतिक्रमण हटवतो, वाटेतला धोंडा हटवतो. हटवलेली वस्तू कुठेतरी असतेच. ती आपल्या वाटेत नसते, इतकेच. पुसून टाकणे, जाळणे, नष्ट करणे या क्रिया निराळ्या. ज्याने कोणी हे भाषांतर केले त्याने बहुधा इतका विचार केला नसावा, पण संगणकाच्या पोटात प्रत्यक्ष जे घडते त्याच्याशी हा शब्द चांगलाच जुळतो. त्याकडे पुढे येऊच.

संपलेल्या कामाचे काय करायचे हा प्रश्न या सॉफ्टवेअरला सुरुवातीपासून पडलेला नव्हता. हेन्री गँट यांचे तक्ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले; अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही पद्धत निघाली ती १९५८ च्या सुमारास. या दोहोंचा सगळा रोख पुढे काय करायचे यावर होता. मायक्रोसॉफ्टचे 'प्रोजेक्ट' १९८४ मध्ये आले तेव्हाही एक प्रकल्प म्हणजे एक फाइल असेच समीकरण होते. काम संपले की ती फाइल चकतीवर पडून राही. ती ठेवायची की नाही याची पंचाईत सॉफ्टवेअरला नव्हती. कपाट ज्याचे, काळजी त्याची.

२००४ च्या फेब्रुवारीत 'बेसकँप' आले आणि स्थिती पालटली. आता प्रकल्प दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याने भाड्याने दिलेल्या जागेत राहू लागला आणि अनेक माणसे दूरदूर बसून त्यात लिहू लागली. बेसकँपचे सुरुवातीचे दर चालू प्रकल्पांच्या संख्येवर ठरत. संग्रहित केलेले प्रकल्प त्या संख्येत मोजले जात नसत. म्हणजे 'प्रकल्प संपला' या वाक्याला प्रथमच किंमत आली. जोवर तो संपला असे आपण जाहीर करत नाही तोवर तो आपली जागा अडवणार. त्याच वर्षी १ एप्रिलला गूगलने एक गिगाबाइट जागेचे 'जीमेल' आणले आणि पत्रे काढून टाकण्याऐवजी ती नजरेआड करण्याचे बटण पुढे मांडले. पुढे २०११ मध्ये आलेल्या 'ट्रेलो'त तर एखादे कार्ड कायमचे काढून टाकायचे असेल तर ते आधी संग्रहित करावे लागते. पूर्ण फलकाचेही तसेच. आधी बंद करा, मग नष्ट करा. मरणापूर्वी वानप्रस्थ सक्तीचा, अशी ही व्यवस्था.

मराठी वाचकाला ही द्विस्थानी रचना नवखी वाटू नये. आपल्या भाषेत तिचा शब्दसंग्रह तयारच आहे. 'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत तो मुळात ग्रीक भाषेतून गेला. ज्या कातड्यावर लिहीत त्या कातड्याचे ते नाव. 'आर्काइव्ह' या शब्दाचेही मूळ ग्रीकच. राज्यकर्त्याच्या ज्या निवासात अधिकृत कागद ठेवत त्या घराचे ते नाव आहे, आणि देरिदा यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात त्यावर पुष्कळ भाष्य करून ठेवले आहे. एका शब्दात लिहिण्याचे साधन आहे, दुसऱ्यात सत्तेचे घर. आपण पहिला घेतला आणि शाळकरी मुलाच्या पाठीवर दिला. मात्र सत्तेचा वास आपल्याही शब्दांना आहेच. प्रकरण 'दप्तरदाखल' झाले असे आपण म्हणतो तेव्हा ते जपून ठेवले असे कोणी समजत नाही. त्याचे आता काही होणार नाही, एवढाच अर्थ उरतो. पोथी ज्या कापडात बांधायची ते 'बासन', आणि 'बासनात गुंडाळणे' म्हणजे गप्प करणे. जतन करण्याच्या क्रियांनाच विस्मरणाचा अर्थ येऊन चिकटावा, ही आपल्या कारभाराने भाषेला दिलेली देणगी आहे.

पेशव्यांच्या हुजूर दप्तराची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यात 'चालते दप्तर' होते आणि 'एकबेरीज दप्तर' होते. चालत्या दप्तरात रोजचा कारभार, हुकूम, सनदा, हिशेबांची तपासणी. एकबेरीज दप्तरात निरनिराळ्या खात्यांचे हिशेब येऊन पडत. तिथे त्यांची खतावणी होई, वर्गवारी होई, गोषवारे निघत. छावणी कुठेही असो, हे दप्तर पुण्यात राही. 'चालू' आणि 'संग्रहित' हा भेद इथे दिसतोच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की संपलेले काम आपोआप दुसऱ्या खोलीत जात नसे. ते तिथे जाताना कोणीतरी बसून त्याचा गोषवारा लिही. नाना फडणिसांच्या काळात या दप्तराची शिस्त प्रसिद्ध होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्याची हेळसांड झाली, कारकुनांची नेमणूक जवळजवळ मोडीत निघाली, आणि लोकांना कागद घरी नेण्याचीही मोकळीक मिळाली, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालांतून लिहून ठेवले आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याबद्दल लिहिलेले आहे म्हणून थोडे कमी करून वाचावे. तरी घडले ते साधारण तसेच असावे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. प्रकल्प-व्यवस्थापनाच्या भाषेत सांगायचे तर प्रकल्प बंद झाला, त्यावर काम करणारे पांगले आणि सगळी सामग्री नव्या मालकाच्या हाती गेली. नव्या मालकाला मराठ्यांच्या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. मग हे हजारो रुमाल राहिले कसे? ते राहिले, कारण कंपनीला वसूल हवा होता. कोणाकडे किती इनाम जमीन आहे, ती कोणत्या सनदेने मिळाली, ती सनद खरी की बनावट, हे ठरवायला जुन्या कागदांवाचून गत्यंतर नव्हते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला हे अधिकार मिळाले आणि दक्षिणेतल्या किती कुटुंबांच्या पोटापाण्याचा निकाल या रुमालांतल्या मोडी ओळींवर लागला. कागद जपले ते लोकांचे हक्क तपासण्यासाठी आणि पुष्कळदा ते काढून घेण्यासाठी. पुढे या दप्तरासाठी पुण्यात दगडी इमारत उभी राहिली, १८९१ पर्यंत ती पूर्ण झाली, आणि त्या कचेरीचे नाव होते 'एलियनेशन ऑफिस'. सरकारला ज्या जमिनींचा महसूल अन्यक्रांत झाला त्या जमिनींची कचेरी, असा त्याचा कायदेशीर अर्थ. मार्क्स वाचलेल्या विद्यार्थ्याला त्यात 'परात्मता' ऐकू आली तर त्याचाही फारसा दोष म्हणता येणार नाही, कारण ज्यांचा तो इतिहास होता त्यांना त्या इमारतीत सहजी प्रवेश नव्हता.

म्हणून कागद असूनही नव्हते. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिश्यांतून उतारे निवडले; त्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये आपला प्रसिद्ध प्रास्ताविक निबंध लिहिला. हे अपवाद. दप्तराचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हाती ते काम आले तेव्हा. १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' पंचेचाळीस भागांत छापून निघाले. पेशवाई बुडाल्यापासून शंभरावर वर्षे उलटली होती. या शंभर वर्षांत त्या कागदांची अवस्था काय म्हणायची? ते नष्ट झालेले नव्हते, पण त्यांत काय आहे हे अभ्यासकाला सांगणारी यादी नव्हती. महसुली चौकशीला लागेल तेवढीच मांडणी झालेली होती. पानिपतचा शोध घेणाऱ्याला रुमालावरच्या चिठ्ठीतून काही समजण्यासारखे नव्हते.

दरम्यान दुसरे एक काम बाहेर चालू होते. सरकारी दार बंद म्हणून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाड्यांची दारे ठोठावली. माळ्यावरचे पेटारे, देवघरातली बासने, पावसाने भिजलेले आणि वाळवीने खाल्लेले गठ्ठे त्यांनी उपसले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात होती आणि ती वाईकडे सापडलेली होती. एकूण बावीस खंड झाले. ज्या घरांतून ही पत्रे मिळाली त्या घरांच्या दृष्टीने तो व्यवहार केव्हाच संपलेला होता. कर्ज फिटले किंवा बुडाले, वकिली आटोपली, ज्याला पत्र लिहिले तो लढाईत मेला. उरलेल्या कागदाला त्या घरात एकच अर्थ होता: अडगळ. कितीतरी अडगळ वाण्याच्या पुडीत गेली आणि नदीत सोडली गेली. ती टाकणाऱ्यांना आपण अडाणी म्हणतो, पण ते अन्यायाचे आहे. ज्याचे काम संपले आहे त्याला कागदाचा पुढचा वाचक दिसत नाही. तो दिसण्याची सोयच नसते.

इथे संगणकाकडे परत येणे जरूर आहे, कारण मघाशी अर्धवट सोडलेला 'हटवा' या शब्दाचा मुद्दा आता स्पष्ट करता येईल. संगणकावर फाइल काढून टाकली म्हणजे सामान्यतः तिच्यातला मजकूर तत्क्षणी पुसला जात नाही. यंत्र फक्त आपल्या यादीतून तिचे नाव खोडते आणि ती जागा मोकळी असल्याची नोंद करते. नंतर केव्हातरी दुसरा मजकूर त्या जागेवर लिहिला गेला की जुना खरोखर जातो. तोवर तो तिथेच असतो, निनावी, कोणाच्याही हाती न लागणारा. आता एलियनेशन ऑफिसातल्या रुमालांची शंभर वर्षे आठवावी. मजकूर आहे, यादी नाही. संगणकाने 'हटवलेली' फाइल आणि इतिहासाने 'जपलेला' पण यादीवाचूनचा रुमाल, यांच्या अवस्थेत मला तत्त्वतः फरक दिसत नाही. जतन आणि नाश यांमधली रेघ कागदाच्या असण्यानसण्यापेक्षा यादीच्या असण्यानसण्यावर अधिक अवलंबून असते. आणि ती यादी चांगली लिहू शकतो तो मनुष्य म्हणजे काम करणाराच, तेही तो पांगण्यापूर्वी. प्रकल्प संग्रहित करण्याचे बटण एका क्षणात दाबता येते. गोषवारा लिहायला मात्र एकबेरीज दप्तरातला कारकून लागतो, आणि आजच्या कचेरीत त्याची जागा भरलेली नाही.

या विषयाचे शास्त्रही नेमके राजवाड्यांच्याच वेळचे आहे, हा एक सुखद योगायोग. १८९८ मध्येच म्युलर, फाइट आणि फ्रॉइन या तिघा डच अभिलेखपालांनी आपली पद्धती ग्रंथरूपाने मांडली. कागद ज्या कचेरीत, ज्या क्रमाने जन्मले तो क्रम मोडू नये, हे तिचे सार. विषयवार निवडी करणाऱ्या आपल्या संपादकांना हे तत्त्व मानवले नसते. पंचेचाळीस भाग काढताना सरदेसायांनी कागद विषयानुसारच लावले, आणि वाचकाची त्याने सोयही झाली. पुढे १९२२ मध्ये इंग्लंडातल्या हिलरी जेंकिन्सन यांनी असे प्रतिपादन केले की काय ठेवायचे आणि काय फेकायचे हे अभिलेखपालाने ठरवूच नये. त्याच्या आवडीनिवडीने पुरावा दूषित होईल. जे काय नष्ट करायचे ते कचेरीनेच, आपल्या कामाच्या गरजेपुरते पाहून, आधी करावे. अमेरिकेच्या थिओडोर शेलेनबर्ग यांनी १९५६ मध्ये याच्या उलट बाजू मांडली. कागदाला दोन मूल्ये असतात, एक ज्याने तो निर्माण केला त्याच्यासाठीचे, दुसरे नंतरच्या परक्या वाचकासाठीचे. आणि हे दुसरे मूल्य जोखायला जाणकार तिसरा माणूस हवा. कागदाच्या डोंगराखाली दबलेल्या विसाव्या शतकाने व्यवहारात शेलेनबर्ग स्वीकारले. आजचे प्रकल्पांचे सॉफ्टवेअर मात्र नकळत जेंकिन्सनपंथी आहे. बटण काम करणाऱ्याच्याच हाती आहे, आणि पुष्कळदा ज्याच्याकडे व्यवस्थापकाचे अधिकार व भाडे भरण्याची जबाबदारी आहे, त्याच्या.

आपल्या सरकारी कचेऱ्यांनी मधला मार्ग काढला आहे. महाराष्ट्रात अभिलेखांचे वर्ग आहेत: 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा वर्षे, 'क-१' पाच वर्षे आणि 'ड' एक वर्ष. महसूल खात्यातल्या सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीत एक गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायच्या निकाली प्रकरणांचा असतो आणि एक नष्ट करायच्या कागदांचा. सॉफ्टवेअरची दोन्ही बटणे इथे लाल फितीत बांधून ठेवलेली आहेत. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्यात तर १८९२ पूर्वीचा कागद नष्ट करताच येणार नाही, अपवाद फक्त वापरण्यापलीकडे खराब झालेल्याचा, असे कलम आहे. वर्षाचा आकडा घालून भूतकाळाला अभय देणारे हे कलम मला त्याच्या साधेपणामुळे आवडते. मात्र वर्गवारी ही पुन्हा भाकितच असते. 'ड' ठरलेल्या कागदातच एखाद्याला उद्या हवी असलेली तारीख असू शकते. शिवाय नियमांत न बसणारी तिसरी वाट असतेच. फाइल गहाळ होते, पाणी शिरते, आग लागते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीने कोणत्या वर्गाचा कागद कोणता, हे विचारले नव्हते.

संगणकातली आग कशी असते याचे उत्तम उदाहरण २०२२ मधले आहे. 'अ‍ॅटलासियन' ही मूळची सिडनीची कंपनी. 'जिरा' हे तिचेच, आणि २०१७ पासून ट्रेलोही तिचे. जगभरच्या असंख्य संस्थांचे चालू आणि संपलेले प्रकल्प तिच्या यंत्रांवर असतात. तिला आपले एक जुने, आता अनावश्यक झालेले जोड-सॉफ्टवेअर ग्राहकांच्या जागेतून काढून टाकायचे होते. म्हणजे हीदेखील संपलेल्या कामाची आवराआवरच. ज्या गटाने ते काढायला सांगितले त्याने जोड-सॉफ्टवेअरच्या ओळख-क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या पूर्ण जागांचे क्रमांक पुढे दिले. जी आज्ञावली चालवायची होती तिच्यात दोन रीती होत्या: एक 'काढण्यासाठी खूण करा', जिच्यातून परत फिरता येते, आणि दुसरी 'कायमचे काढा', जी कायद्याच्या बंधनामुळे ठेवलेली. यादी चुकीची आणि रीतही चुकीची, असा योग जुळला. ५ एप्रिलला अवघ्या तेवीस मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या ८८३ जागा नाहीशा झाल्या.

राखीव प्रती होत्या. तरी सर्व जागा परत उभ्या राहायला १८ एप्रिल उजाडला. एखाद्या ग्राहकाने चुकून काही काढून टाकले तर ते परत देण्याची सोय कंपनीकडे होती, आणि सगळेच कोसळले तर सगळे परत उभे करण्याचीही होती. इतरांच्या चालू कामाला धक्का न लावता शेकडो ग्राहकांचे तेवढे वेगळे काढून परत बसवायचे, हे मात्र कोणी योजलेले नव्हते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की नाहीशा झालेल्या नोंदींत त्या ग्राहकांच्या संपर्काचे तपशीलही होते. कोणाची जागा गेली त्याला कळवायचे तर त्याचा पत्ता त्याच जागेबरोबर गेलेला. मजकूर राखीव प्रतींत सुरक्षित आणि यादी नाही; दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या रुमालांची कथा इथे दोन आठवड्यांत आटोपली. कंपनीने या घटनेचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि कोणत्याही अभिलेखशास्त्राच्या वर्गात तो पाठ्यपुस्तक म्हणून लावावा अशा योग्यतेचा आहे.

'कायमचे काढा' ही रीत मुळात कायद्यासाठी ठेवली होती, हा तपशील सोडून देण्यासारखा नाही. इतका वेळ जतनाची बाजू घेतल्यावर नाशाची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती दुबळी नाही. २०१८ मध्ये युरोपात लागू झालेल्या नियमावलीने माणसाला स्वतःविषयीची माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्यातही ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो हेतू पुरा झाला की ती पुसण्याचे बंधन आहे. हेतू पुरा झाला, म्हणजे प्रकल्प संपला. संपलेल्या प्रकल्पात फक्त आराखडे आणि तारखा नसतात. कोण किती वेळा उशिरा आला, कोणाचे काम कोणी परत करायला लावले, आजारपणाचे कारण काय दिले, हेही तिथे लिहिलेले राहते. इनामदारांच्या सनदा जपणारा कंपनी सरकारचा कारकून आणि कर्मचाऱ्यांची प्रत्येक टीप जपणारी आजची कचेरी यांच्यात एक नाते आहे. जपलेला कागद ज्याच्या हाती असतो त्याच्या उपयोगी पडतो. सर्व काही जपावे असे म्हणणाऱ्या अभ्यासकाने, म्हणजे आपल्यासारख्याने, त्या कागदात नाव असलेल्या माणसाची परवानगी बहुधा घेतलेली नसते.

आणि नुसते ठेवल्याने राहतेच असेही नाही. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या वेळी तिथून आलेल्या चित्रांची मूळ, अधिक स्पष्ट नोंद असलेल्या चुंबकीय फिती नासाने पुढे पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये तिलाच जाहीर करावा लागला. मोहीम फत्ते झाली होती, फितींचा तुटवडा होता. हिशेब सरळ होता. उलट १९८६ मध्ये बीबीसीने 'डूम्सडे बुक'च्या नऊशेव्या वर्षानिमित्त ब्रिटनच्या सामान्य जीवनाची नोंद लेसर-चकत्यांवर उतरवली, आणि ती काळजीपूर्वक जपूनही दीड दशकात वाचता येईनाशी झाली, कारण वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली. २००२ च्या सुमारास संशोधकांना तिच्यासाठी जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर रचावे लागले. १०८६ चे मूळ पुस्तक, कातड्यावर लिहिलेले, आजही उघडून वाचता येते. तेही दप्तरच, शब्दाच्या मूळ अर्थाने.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र या कोंडीतून जाणारी एक वाट माहीत आहे, कारण ती आपल्याच घरातून जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. सत्तेचाळीस वर्षांचा हा प्रकल्प. विष्णु सीताराम सुकथनकर, श्रीपाद कृष्ण बेलवलकर, परशुराम लक्ष्मण वैद्य असे त्याचे प्रमुख संपादक. देशभरातून बाराशेहून अधिक हस्तलिखिते मिळवून त्यांचे पाठ ताडून पाहिले. काम अर्थातच वगळण्याचे होते. जे सर्व परंपरांत आढळत नाही, जे मागाहून शिरलेले दिसते, ते संहितेतून काढायचे. हजारो ओळी काढल्या गेल्या.

त्या काढलेल्या ओळींचे त्यांनी काय केले हे पाहावे. लहान उतारे तारांकित करून त्याच पानाच्या तळाशी दिले, प्रत्येकाला क्रमांक दिला, तो कोणत्या हस्तलिखितांत आहे आणि कोणत्यांत नाही हे संकेताक्षरांनी नोंदवले. मोठे उतारे परिशिष्टात गेले, तेही क्रमांकानिशी. संपादकाने आपला निर्णय पूर्ण ठामपणे घेतला आणि तो चुकला असे उद्या कोणाला वाटले तर तो उलटवण्याची सर्व सामग्री त्याच पानावर ठेवली. मुख्य संहितेत गर्दी नाही, आणि काही नाहीसेही झाले नाही. प्रकल्पांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम संपताना उरतो तो बहुधा फक्त निकाल. अमुक तारखेला पूर्ण, अशी हिरवी खूण. ज्या दोन पर्यायांतून एक निवडला त्यातला न निवडलेला कोणता होता, तो कोणी सुचवला होता, का सोडला, हे शेऱ्यांच्या लांबलचक माळेत असते, आणि प्रकल्प संग्रहित झाला की ती माळ उघडायला कोणी जात नाही. पाठभेदांची नोंद न ठेवता फक्त संहिता छापण्यासारखेच हे आहे. विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना ती जुन्या पोथ्यांची विद्या म्हणून शिकवली जाते. तिचा सर्वांत निकडीचा उपयोग कदाचित एखाद्या पुलाच्या किंवा पाणीयोजनेच्या नुकत्याच बंद झालेल्या प्रकल्पाला होईल. अमुक ठिकाणची खांबांची जागा ऐन वेळी का बदलली, हे तीस वर्षांनी विचारणारा अभियंता हाही पाठभेद शोधणारा वाचकच असतो.

राजवाडे १९२६ च्या अखेरीस गेले तेव्हा त्यांचे स्वतःचे दप्तर मागे उरले. कागद, टिपणे, अर्धी राहिलेली कामे. ते जपण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्याला त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले, आणि त्यांचा मराठी धातूंवरचा कोश त्यांच्या पश्चात छापून निघाला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची बासने सोडली त्यांचे बासन सोडायला माणसे मिळाली, कारण ते गेल्या गेल्या, ते काय करीत होते हे ठाऊक असणारे लोक अजून हयात होते.

महाभारताच्या आवृत्तीतला एक तपशील राहिला. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने न थांबता लिहून घ्यावे, ही आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असलेली कथा संपादकांना मूळ संहितेतली वाटली नाही. साऱ्या महाभारताचा लेखनिकच त्यांनी संहितेबाहेर काढला. आदिपर्वाचा खंड उघडून मागची पाने चाळली तर पहिल्याच परिशिष्टात, पहिल्या क्रमांकाला, तो लिहीत बसलेला सापडतो.